व्हॉल्व्हचा गोडवा खरा, पण तो येतो कुठून?

प्रश्न : वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरी पडून आहे. त्याला हेडफोन लावून भीमसेन जोशींच्या रेकॉर्ड ऐकाव्यात असं मनात आहे. व्हॉल्व्हचा आवाज ट्रान्झिस्टरपेक्षा अस्सल असतो म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, रिसाली (भिलाई)

उत्तर : अस्सल नव्हे, वेगळा. व्हॉल्व्ह मूळ सुरात दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर किंचित मिसळतो. मध्य षड्जात तार षड्जाची छटा आली की गळा भरीव, गोड वाटतो. ही भर अ‍ॅम्प्लिफायरची, रेकॉर्डमधली नव्हे. चांगला ट्रान्झिस्टर संच ती जवळजवळ घालत नाही. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जरासा मोठा आवाज नेहमीच सरस भासतो.

हेडफोनही पाहा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह संचावर ३०० ओहमचे हेडफोन छान वाजतात, ३२ ओहमचे असतील तर खर्ज ढिला पडतो. तिथे ट्रान्झिस्टरच बरा.

एक मात्र कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेला संच थेट प्लगला लावू नका. आत दोन-तीनशे व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतात. दुर्ग-भिलाईत व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा जाणता कारागीर मिळाला, तर कपॅसिटर आणि अर्थिंग आधी त्याच्याकडून तपासून घ्या. हेडफोनची जोडणीही त्यालाच करू द्या. नाही मिळाला, तर साधा ट्रान्झिस्टर हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्या. पंडितजींच्या गाण्यातलं त्याने काहीही उणं होणार नाही.