दूर राहून धाराशिवमध्ये प्लॉट घेताय? मग ही कृती हाताशी ठेवा

दुबईत राहता, पुण्यात राहता, आणि तुळजापूर किंवा धाराशिवकडे हक्काचा प्लॉट असावा असं मनात आहे? छान! मोबाइल आणि वही घ्या, क्रमाने जाऊ. नवव्या पायरीच्या आधी विकणाऱ्याला किंवा दलालाला एक रुपयाही द्यायचा नाही, एवढं आत्ताच ठरवून टाका.

१. काय घ्यायचं ते पक्कं करा. तुम्ही अनिवासी भारतीय असाल तर फेमा (परकीय चलन) कायद्याप्रमाणे तुम्हाला शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. घर, दुकान, बिगरशेती प्लॉट घेता येतो. जपून: "आत्ता शेती म्हणून घ्या, एन.ए. (बिगरशेती) मी करून देतो" म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम करा.

२. गाव, तालुका आणि गट नंबर लेखी मागा. जपून: "आधी टोकन द्या, मग नंबर सांगतो" हे ऐकलंत की फोन ठेवा.

३. सातबारा स्वतः काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. प्लॉट शहरात असेल आणि तिथे नगर भूमापन झालेलं असेल, तर मिळकत पत्रिका काढा. जपून: दलालाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला उतारा पुरावा धरू नका. तो जुना असू शकतो, बदललेलाही असू शकतो.

४. उतारा शांतपणे वाचा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक लबाडी इथेच उघडी पडते. मालकाचं नाव विकणाऱ्याचंच आहे का? धारणा प्रकारात "भोगवटादार वर्ग २" दिसलं तर सरकारी परवानगी आणि नजराण्याशिवाय व्यवहार होत नाही. मराठवाड्यात देवस्थान इनाम आणि इतर इनामी जमिनी पुष्कळ आहेत, म्हणून हा रकाना वगळू नका. मग "इतर हक्क" बघा: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाची नोंद. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचं नाव घेऊन भाव चढवणारे खूप आहेत. त्याच गटातली जमीन संपादनात गेली आहे का, हे ते सांगणार नाहीत. उतारा सांगेल.

५. उताऱ्यावर दिलेल्या क्रमांकांचे फेरफार काढा. वारसाने आलेली जमीन असेल तर बहिणींची नावं शोधा. जपून: "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे तोंडी चालत नाही. एक तर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या.

६. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. प्लॉट पाडून विकण्याचा प्रकल्प मोठा असेल, तर साधारणपणे महारेराची नोंदणीही लागते. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. जपून: चुन्याच्या रेघा आणि रंगीत माहितीपत्रक म्हणजे मंजुरी नव्हे.

७. तुमचा स्वतःचा वकील लावून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. धाराशिवचं आधीचं नाव उस्मानाबाद, आणि जुने दस्त त्याच नावाने आहेत, त्यामुळे गोंधळू नका. जपून: विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको.

८. मालकाला मोजणीचा अर्ज करायला लावा. फी हवी तर तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी घरचं माणूस बांधावर उभं करा आणि शेजाऱ्यांशी बोलायला सांगा. रस्त्याचं भांडण, कोर्टातला दावा, आधी दुसऱ्याला दिलेली इसार पावती, सगळं तिथे कळतं.

९. वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. मुदतीत हरकत आली नाही, तरच इसार द्या.

१०. इसाराचं साठेखत नोंदवून घ्या. जपून: शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही.

११. पैसे बँकेतूनच, थेट मालकाच्या खात्यात भरा. परदेशातून देत असाल तर एनआरई किंवा एनआरओ खात्यातून. जपून: जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

१२. येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र करा. परदेशात भारतीय वकिलातीत सही करा आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्यात फक्त या एका प्लॉटच्या खरेदीचा अधिकार लिहा, विक्रीचा नको. समोरचा स्वतःच मुखत्यार म्हणून विकत असेल, तर मूळ मालकाशी व्हिडिओवर बोला. साध्या मुखत्यारपत्राचा अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार होतात.

१३. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवा. सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा मोजणीच्या नकाशाशी अक्षरशः ताडून बघा. त्याच सकाळी सातबारा पुन्हा काढा.

१४. फेरफारावर लक्ष ठेवा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, ती "आपली चावडी" संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की नवा उतारा काढा. त्यावर तुमचं नाव दिसेपर्यंत दलालाची उरलेली दलाली हातची सोडू नका.