मोहरीचा फुलोरा आणि शेजारच्या मधपेट्या

राजस्थानातील भरतपूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत मोहरी फुलते, तेव्हा मधपाळ इटालियन मधमाश्यांच्या पेट्या बांधावर आणून ठेवतात. याच सुमारास पिकावर मावा दिसू लागतो. भर फुलोऱ्यात सकाळी केलेली फवारणी कामकरी माश्यांचा बळी घेते. मधपाळाचे उत्पन्न बुडते आणि परागीभवन घटल्याने शेंगांत दाणेही कमी भरतात.

म्हणून प्रारंभीच मावाग्रस्त शेंडे खुडून नष्ट करावेत. ढालकिडे व सिरफिड माशीच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. त्यामुळे आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये. तीही सायंकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करावी आणि मधपाळास आदल्या दिवशी कळवावे. शेजाऱ्यास दिलेली ही पूर्वसूचना हेही पीक संरक्षणच होय.