ध्वनितबकडी आणि कानाची मर्यादा
१९८२ साली विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये प्रत्येक ध्वनिवाहिनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. १९९९ मधील सुपर ऑडिओ सीडीत ते २८,२२,४०० असतात. परंतु पहिलीतील नमुना १६ द्विमान अंकांचा, तर दुसरीतील केवळ एका अंकाचा असतो. यास्तव नुसत्या संख्येवरून गुणवत्ता ठरत नाही. सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपलीकडील ध्वनी मनुष्यास ऐकू येत नाही, आणि तेथवरचा ध्वनी साधी तबकडीही टिपते. म्हणून दोन्ही तबकड्या वाजविणारे स्वस्त यंत्र ज्याच्यापाशी आहे, त्याने त्यातील धारित्रे व प्रवर्धक बदलण्यापूर्वी लाउडस्पीकर व खोली यांकडे पाहावे. लाउडस्पीकरमुळे आणि भिंतींवरील परावर्तनामुळे ध्वनीत होणारा फरक कानास स्पष्ट जाणवतो. मोजके द्रव्य प्रथम तेथेच वेचावे.