पिल्लू ओळखायचे ते सोंडेवरून

प्रश्न : कुंपणावरच्या रानतोंडलीवर लालसर, काळ्या पायांचे किडे घोळक्याने बसतात. पानपाया ढेकणाची पिल्ले म्हणावीत, तर पाय पानासारखे पसरट नाहीत. फवारणी करावी का? (एक वाचक, टावर चौक, उज्जैन)

उत्तर : पाय पसरट नाहीत एवढ्यावरून पानपाया बाद ठरत नाही. मागच्या नडगीचा तो पसारा कात टाकता टाकता वाढतो. पिल्लाच्या पाच अवस्थांपैकी पहिल्या एक-दोन अवस्थांत तो जेमतेम जाणवतो. शिवाय या कुळातल्या कित्येक जातींत तो प्रौढपणीही नसतो. तुरीच्या शेंगा शोषणारा ढेकूण त्यातलाच. रंगावर तर मुळीच विसंबू नका, कारण लाल-काळी पिल्ले कापसावरच्या तांबड्या ढेकणाचीही असतात आणि शिकारी ढेकणांचीही. भिंग घ्या, किडा उताणा करा आणि सोंड पाहा. रस शोषणाऱ्याची सोंड बारीक, सरळ, चार पेरांची आणि पोटाला चिकटून असते. शिकाऱ्याची आखूड, जाड, आकड्यासारखी वाकलेली. मग पाठ पाहा. पानपायाच्या पोटाच्या वरच्या बाजूस दुर्गंध ग्रंथींच्या दोन खुणा मधोमध दिसतात, तांबड्या ढेकणाला तीन.

वेल तोंडलीचा म्हणजे किडा भोपळावर्गावरचा पानपायाच, असे कोणी म्हणेल. शक्यता मोठी आहे, पण पिल्लांच्या शोधात शिकारीही त्याच वेलावर येतो, त्यामुळे झाड हा दुय्यम पुरावा. सोंड सरळ निघाली तरी रानवेलाला फवारणी नको. भाजीच्या मांडवावर असतील तर पिल्ले सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून टाका. सोंड वाकडी असेल, तर त्यांना हात लावू नका.