ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरशी जुळतो का?

अवजड ट्रक आणि ट्रेलर यांच्या ब्रेकरचनेमागे एक साधे तत्त्व आहे: प्रत्येक वाहनाने आपला भार आपल्याच ब्रेकने थांबवावा. ऊस वाहतुकीत नेमका याचाच विसर पडतो. समजा, 2.5 टनांचा ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर एकटा सुमारे 3 मीटरांत थांबतो. मागे 10 टनांची बिनब्रेकची ट्रॉली असेल, तर तेवढ्याच ब्रेकबळाने थांबायला सुमारे 15 मीटर लागतात. उतारावर त्याहून अधिक. शिवाय मागून रेटणारी ट्रॉली वळणावर ट्रॅक्टरला आडवा फिरवते.

हवेच्या ब्रेकमध्ये वेळेचाही मेळ हवा. पेडलचा दाब लांब नळीतून मागे पोहोचण्यास विलंब होतो. म्हणून ट्रेलरवर रिले व्हॉल्व्ह असतो आणि तो ट्रेलरच्याच टाकीतील हवा ब्रेकला पुरवतो.

तपासणी सोपी आहे. ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले एकत्र जोडून, मोकळ्या सपाट जागी भरलेली गाडी सावकाश चालवावी व ब्रेक लावावा. मागून धक्का बसला, तर ट्रॉलीचा ब्रेक अपुरा आहे किंवा उशिरा लागतो. मागे ओढ जाणवली, तर तो वाजवीपेक्षा जास्त लागतो. काही वेळा ब्रेक लावल्यानंतर ड्रमची ऊब हात न टेकवता, जवळून पाहावी. इतर ड्रम तापले असताना जो थंड राहिला, त्याचा ब्रेक लागत नाही.