रोवणीच्या दिवसांतील अंतर्वस्त्रे

प्रश्न (मोहाडी, जि. भंडारा) : धानाच्या रोवणीत जांघेत खाज सुटते, पावसात चड्ड्याही नीट वाळत नाहीत. काय करावे?

उत्तर : जांघेतील गोल, कडा लालसर असलेला, खाजणारा चट्टा बहुधा गजकर्ण असतो. ही बुरशी ओल, ऊब आणि घर्षणावर वाढते. बांधीत दिवसभर ओल्या कपड्यांत वाकून काम करणाऱ्यांना हे तिन्ही मिळते. बांधीतून आल्यावर अंघोळ करून जांघ पूर्ण कोरडी पुसावी आणि सुती, सैल, कोरडी चड्डी घालावी. अंतर्वस्त्र रोज बदलावे, घामाने भिजल्यास दिवसातून दोनदाही. पायाला चिखल्या असतील तर तीच बुरशी कपडे चढवताना जांघेत पोचते. म्हणून पायाचाही उपचार हवा.

कपडे साठ अंश सेल्सिअस किंवा अधिक गरम पाण्यात धुतल्यास बुरशी मरते. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवून शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. लाजेपोटी साडीखाली दडवून वाळवलेली चड्डी दमटच राहते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

खरा घोटाळा मलमाचा होतो. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, चट्टा मात्र पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती सर्रास मिळतात. क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीरोधक मलम चट्टा गेल्यावरही एक-दोन आठवडे लावावे. दोन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे; मधुमेह वा गरोदरपण असल्यास आधीच दाखवावे. स्त्रियांना पांढरा, दह्यासारखा स्राव होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. योनीच्या आत साबण वापरू नये.