क्रिंपची उंची

क्रिंप म्हणजे धातू दाबून बसवलेली पकड. वाकडपासून जवळच, १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या धंद्यातही ती लागते. ९ मिमी पिस्तुलाचं काडतूस चेंबरमध्ये पितळी केसच्या तोंडावर टेकतं. म्हणून ती कड आत वळवत नाहीत, डायने जराशी निमुळती करतात. (घरी प्रयोग नको! १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे.)

आपल्या हातातलं क्रिंप म्हणजे वायरिंग हार्नेसचं टर्मिनल. डायची सेटिंग मी चाकणला ट्रेनिंगमध्ये शिकलो. तक्त्यातली उंची बघायची, डायल एक घर फिरवायची, नमुने काढायचे आणि टोकदार अँव्हिलच्या मायक्रोमीटरने मोजायचे. साधा व्हर्नियर टर्मिनलखालच्या बरवर बसतो आणि उंची जास्त दाखवतो. सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा! इन्सुलेशनची डायल वेगळी.

दाब कमी पडला तर तारांमध्ये पोकळी राहते, रोध वाढतो, टर्मिनल तापतं. जास्त झाला तर तारा कापल्या जातात. पण ‘ओढून बघितलं, निघत नाही, झालं’ हे मला पटत नाही. ओढ-चाचणीत सर्वांत मजबूत ठरणारी उंची आणि सर्वांत कमी रोधाची उंची एक नसते. रोधासाठी थोडं अधिक दाबावं लागतं.

गो-कार्टच्या पोरांनी पकडीने दाबलेलं एक टर्मिनल आडवं कापून, पॉलिश करून मेटलर्जी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली ठेवावं. चांगल्या क्रिंपमध्ये गोल तारा दबून मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी दिसतात.